पान उजेडाला धरलं की काय दिसतं, आणि आपण काय लिहितो?

कढीपत्त्याचं एक पान घ्या आणि उजेडासमोर धरा. हिरव्या पात्यात सुईनं टोचल्यासारखे बारीक, उजळ ठिपके दिसतील. लिंबाच्या आणि मोसंबीच्या पानात ते आणखी ठळक असतात. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाताना आपण बेल घेतो, त्याच्याही पानात ते आहेत. ही सगळी झाडं रुटेसी कुळातली. परीक्षेत आपण ‘ग्लँड-डॉटेड लीव्ह्ज’ लिहितो, मार्क घेतो आणि पुढे जातो.

आता संभाजीनगरच्या एखाद्या नर्सरीत हॉवर्थियाची कुंडी बघा. मूळ दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती. काही जातींत पानाचं टोक काचेसारखं पारदर्शक असतं. लिथॉप्समध्ये तर जवळजवळ सगळं पान जमिनीत आणि फक्त वरचा सपाट, अर्धपारदर्शक भाग बाहेर. याला नाव आहे ‘लीफ विंडो’, म्हणजे पानाची खिडकी.

गंमत इथेच आहे. दोन्हीकडे उजेड आरपार जातो. मग लिंबाच्या पानात तो ‘ठिपका’ आणि हॉवर्थियात ती ‘खिडकी’ का? लिंबाच्या ठिपक्याखाली तेलाची पोकळी असते. तिथे हरितद्रव्याच्या पेशी नाहीत, म्हणून उजेड अडत नाही. झाड तो उजेड वापरतं, असं कुणी म्हणत नाही. ‘खिडकी’ म्हटलं की मात्र काम आधीच ठरून जातं: उजेड आत घेणं आणि अन्न तयार करणं. ‘अर्धपारदर्शक’ हे निरीक्षण आहे, ‘खिडकी’ हे अनुमान आहे. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं की खिडकीमुळे प्रकाशसंश्लेषण वाढतं. शेजारी पेन्सिलीनं दोनच शब्द लिहून आले: ‘कुणी मोजलं?’

मोजलंय. ईगबर्ट आणि मार्टिन यांनी २००२ मध्ये सात वाळवंटी सक्युलंट जातींच्या खिडक्या उजेड परतवणाऱ्या टेपनं झाकल्या. खिडकी बंद केली की कर्बग्रहण घटायला हवं होतं, पण तशी अपेक्षित घट काही दिसली नाही. पुढे २००८ मध्ये व्होगेलमन यांच्यासोबत त्यांनी सहा जातींच्या पानांच्या आतला उजेडच मोजला. इथे प्रश्न बदलला, हे लक्षात घ्या. ‘आत उजेड पोचतो का’ आणि ‘त्यामुळे जास्त अन्न तयार होतं का’ हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही. लिथॉप्स ऑकॅम्पियावर २०१३ मध्ये प्लॉस वन नियतकालिकात आलेला फील्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर मला आवडतो तो यासाठीच. एकाच पानाचा वरचा भाग कडक उन्हाला आणि जमिनीखालचा भाग सावलीला जुळवून घेतलेला आहे, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे खिडकीखालच्या पेशी काय करतात हे त्यांनी पाहिलं, नुसती खिडकी पाहिली नाही. पेपर सगळ्यांना मोफत वाचता येतो, जरूर वाचा.

आता परत लिंबाकडे येऊ, कारण सेट-नेटवाल्यांची खरी पंचाईत इथे आहे. लिंबाच्या पोकळ्या ‘लायसिजिनस’, म्हणजे पेशी फुटून तयार होतात, असं आपण पाठ केलंय. टर्नर, बेरी आणि गिफर्ड यांनी १९९८ मध्ये लिंबावरच काम करून याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं: पेशी एकमेकींपासून सुटून पोकळी होते, म्हणजे ती ‘शायझोजिनस’ आहे. फुटलेल्या पेशी दिसतात, कारण नेहमीच्या पाणीदार फिक्सेटिव्हमध्ये त्या फुगून फुटतात. थोडक्यात, आपण झाडाचा गुणधर्म म्हणून पाठ केलं ते कदाचित स्लाइड बनवण्याच्या पद्धतीतून आलेलं होतं.

पण म्हणून लगेच ‘पुस्तक चूक, पेपर बरोबर’ असंही लिहू नका. तो अभ्यास लिंबाचा आहे; त्यावरून बेल-कढीपत्त्याबद्दल ठाम बोलता येत नाही. शिवाय चेन आणि वू यांनी २०१० मध्ये सिट्रस सायनेन्सिसवर, म्हणजे आपली मोसंबी ज्या प्रजातीत येते तिच्यावर, काम करून या प्रक्रियेत पेशींचा नियोजित मृत्यूही असतो असं मांडलं. त्यांच्या मते आधी पेशी सुटतात आणि मग विरघळतात. वाद संपलेला नाही. परीक्षेत अभ्यासक्रमाचं उत्तर लिहा, मार्क सोडू नका. सिनॉप्सिसमध्ये मात्र वाद लिहा.

पेपर वाचताना मी आता वहीत तीन रकाने आखते: काय दिसलं, कशानं दिसलं, त्यावरून काय म्हटलं. टेपचा प्रयोग असेल तर दुसऱ्या रकान्यात विचारते: टेपमुळे पानाचं तापमान बदललं का? तेवढीच टेप खिडकी नसलेल्या भागावर लावून पाहिली का? तिसरा रकाना दुसऱ्यापेक्षा फार मोठा झाला, की मी थांबते.

आणि हे सगळं फक्त वाचूनच करायला हवं असंही नाही. लिंबाचं कोवळं पान घ्या, ब्लेडनं पातळ छेद घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरा साखरेच्या दाट द्रावणात. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींतल्या पोकळीच्या कडा बघा आणि जे दिसेल तेच काढा. आकृतीला नाव द्यायची घाई करू नका.