खाण तशी माती?

'खाण तशी माती' हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की त्याचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. ली डुगाटकिन आणि ल्युडमिला ट्रुट यांचे 'हाऊ टू टेम अ फॉक्स' हे २०१७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक वाचल्यावर मात्र ही म्हण आम्हांला नव्याने तपासून पाहावीशी वाटली.

सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली सायबेरियात रुपेरी खोकडांवर एक प्रयोग आरंभिला. प्रत्येक पिढीतील माणसाला कमीत कमी भिणारी व न चावणारी मोजकी पिले निवडायची आणि त्यांचीच वीण वाढवायची, एवढाच नियम. काही पिढ्यांतच माणूस दिसताच शेपूट हलवणारी, हात चाटणारी पिले जन्मू लागली. पुढे आक्रमक खोकडांचाही वेगळा वंश मुद्दाम वाढवण्यात आला. जात एकच, स्वभाव मात्र दोन टोकांचे!

पण पिले हे सारे आईकडे पाहून तर शिकत नसतील? या शंकेचे निरसन करणारे प्रकरण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले. ट्रुट यांनी माणसाळलेल्या मादीचे काही गर्भ आक्रमक मादीच्या उदरात रोपले, तसेच आक्रमक मादीचे माणसाळलेल्या मादीच्या उदरात. जन्मलेल्या पिलांपैकी कोणते कोणाचे, हे रंगावरून ओळखता येत होते. आक्रमक आईच्या कुशीत वाढलेली परकी पिले तरीही माणसाकडे धावत, आणि ती आई त्यांना मानेला धरून मागे खेचत असे!

या संशोधनामागील धैर्याचे चित्रणही हृदयस्पर्शी आहे. त्या देशात आनुवंशशास्त्र हाच अपराध ठरला होता. बेल्यायेव यांचे थोरले बंधू निकोलाय त्याच शास्त्राचे अभ्यासक. १९३७ साली त्यांना देहान्त शासन झाले.

तथापि, दोन गोष्टी खटकतात. २०२४ साली निवर्तलेल्या ट्रुट याच प्रयोगाच्या सूत्रधार असल्याने कथनात कौतुक अधिक, चिकित्सा कमी. दुसरे असे, की ही खोकडे अगदी रानटी नव्हती. त्यांचे पूर्वज कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर फरसाठी पाळले जात होते आणि त्यांतील काही तेव्हाच माणसाळलेले होते, याकडे २०२० सालच्या एका शोधनिबंधाने लक्ष वेधले. बदलाच्या वेगाविषयीचे दावे म्हणूनच जपून स्वीकारावेत.

आणखी एक आकडा वाचकांनी ध्यानी ठेवावा. खोकडांच्या माणसाविषयीच्या भीतियुक्त प्रतिकारात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ३५ टक्केच आनुवंशिक, असे ट्रुट यांनीच १९९९ सालच्या लेखात नोंदविले होते. मुद्दाम निवडलेल्या प्राण्यांची ही गत. मग एखाद्या हूड मुलाविषयी 'रक्तातच आहे त्याच्या' असा निकाल देऊन मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

घरातील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून ते समजून घ्यावे.