नमुन्याचीं नाणीं व प्रिडमोर यांचा ग्रंथ

मेजर प्रिडमोर यांच्या ग्रंथमालेचा हिंदुस्थानविषयक भाग १९७५ व १९८० सालीं दोन खंडांत लंडन येथें निघाला. कंपनीच्या व पुढें राणीच्या अंमलांतील नाण्यांविषयीं याहून व्यवस्थित साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु बुलढाणें जिल्ह्यांत तो ज्या रीतीनें वाचला जातो, ती आम्हांस खटकते.

नुकताच एका परिचितानें १८३४ सालचा रुपया आणून दाखविला. तो मेहकराकडे शेतांत सांपडला, असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. १८३५ च्या कायद्यानें रुपयाचें वजन १८० ग्रेन व त्यांत बारांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असें ठरलें. त्यापूर्वीं पसंतीसाठीं जीं मोजकीं नाणीं पाडलीं, तीं नमुन्याचीं. तीं बाजारांत आलींच नाहींत. वऱ्हाड तर १८५३ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होतें. तेव्हां शेताची गोष्ट सबळ पुराव्यावांचून ग्राह्य धरतां येत नाहीं.

खामगांवच्या सराफानें वजन पुरें तोळाभर भरलें म्हणून निर्वाळा दिला. पण तोळाच मुळीं १८३३ सालीं १८० ग्रेनांचा ठरलेला! शिवाय टांकसाळींत जुने ठसे राखून त्यांवरून संग्राहकांसाठीं पुन्हा नाणीं पाडीत. मुंबईस ही प्रथा विसाव्या शतकांतही होती. अशा नाण्याचें वजन बरोबर भरल्यास नवल तें काय?

पोथीची नक्कल करणारा प्रामाणिक लेखक पुष्पिकेंत आपला शक लिहितो. मागाहून पाडलेल्या नाण्यास पुष्पिका नसते. तें जुनेंच साल मिरवितें. मात्र ठसा साक्ष देतो. ठशास गंज चढून खळगे पडले कीं नाण्यावर त्या जागीं बारीक उंचवटे उठतात. ठसा घासल्याचे ओरखडेही नाण्यावर उठावाचे येतात. नाणें घासलें असल्यास ते खोल असतात. भिंगाखालीं हा भेद शिकाऊ माणसासही कळतो.

प्रिडमोर मूळ व मागाहून पाडलेलें असा भेद करतात, हा त्यांचा मोठा गुण. आमचे संग्राहक तेवढेंच वगळून दुर्मिळता वाचतात, हा दोष ग्रंथकाराचा नव्हे. ग्रंथाची मर्यादा निराळी आहे. निजामाचे व नागपुरकर भोंसल्यांचे रुपये, जे वऱ्हाडच्या कुळांनीं प्रत्यक्ष हाताळले, ते त्याच्या कक्षेबाहेर राहतात. केवळ या ग्रंथावर संग्रह उभारणारास आपल्याच जिल्ह्याचा व्यवहार दिसणार नाहीं.

त्या रुपयावर राजाच्या मुखवट्यामागें तसे उंचवटे आम्हांस स्पष्ट दिसले. तो कोणाकडून व कधीं घेतला, हें पाकिटावर लिहिलें आहे काय, असें विचारतां परिचितानें कोरें पाकीट पुढें केलें.