उजवा हात आणि टर्नरचा कोश

वर्धा जिल्ह्यातील एका शाळेत विद्युतप्रवाह व चुंबकत्व यांचे काही सोपे प्रयोग घेऊन आम्ही गेलो होतो. तारेतून प्रवाह सोडायचा, जवळ ठेवलेल्या चुंबकसूचीचे टोक कुणीकडे वळेल ते उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नियमाने आधी सांगायचे आणि मग पाहायचे. एका मुलीचे उत्तर दर वेळी नेमके उलट येत होते. ती डावखुरी होती व नियमही डाव्या हाताने लावत होती. बाईंनी तिला समजावले, "अगं, उजवा हा शब्दच उज्ज्वलपासून आलेला आहे. चांगले ते सारे उजव्या हाताने. म्हणून तर विज्ञानातही उजव्या हाताचा नियम." मुलीने निमूटपणे हात बदलला.

यातील दुसऱ्या विधानाचा निकाल तिथेच लागला. सूचीचे उत्तर टोक दाखवते ती चुंबकीय क्षेत्राची दिशा, हा केवळ ठरवून घेतलेला संकेत आहे. दक्षिण टोकाची दिशा मानायचे ठरले असते तर पुस्तकात डाव्या हाताचा नियम छापला गेला असता. पहिल्या विधानासाठी मात्र कोश उघडावे लागले.

'उज्ज्वल' या संस्कृत शब्दाचे मराठीत काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे : उजळ. जोडाक्षरातला व गेला आणि स्वरांमधल्या ल चा ळ झाला, जसा फल चा फळ, काल चा काळ. आता 'उजवा' पाहा. राहायला हवा तो ळ यात नाही आणि जायला हवा तो व मात्र आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशेब चुकतो. 'ऋजु' म्हणजे सरळ या शब्दापासून निघालो तर तो जुळतो. प्राकृतात ऋ चा उ होऊन 'उज्जु' झाले. त्यापासून जुन्या मराठीत सरळ या अर्थाचा 'उजू' आला, आणि पुढे प्रत्यय लागून शेवटच्या उ चा व होऊन 'उजवा'. व्रत उजवणे यातील 'उजवणे' दिसायला याच्याच घरचे, पण ते 'उद्यापन'पासून आलेले. अद्य चे आज झाले, विद्युत् ची वीज झाली, त्याच रीतीने इथेही द्य चा ज झाला. एकसारखे दिसणारे तीन शब्द आणि त्यांची तीन निराळी कुळे! कानाला जुळते म्हणून व्युत्पत्ती मानू नये, ती ध्वनिबदलाच्या नियमांवर तपासावी, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

या तपासणीला लागणारे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. तो १९६६ मध्ये पूर्ण झाला. एका माणसाच्या हातून इतके काम व्हावे याचे आश्चर्य वाटते. पण शिक्षकाच्या दृष्टीने त्यात अडचणी आहेत. नोंदी संस्कृत किंवा कल्पित मूळ रूपांच्या क्रमाने आहेत. 'उजवा' कुठून आला हे पाहायचे तर 'ऋजु' उघडायला हवे, म्हणजे उत्तर आधीच माहीत हवे. डोरोथी टर्नर यांनी केलेली सूची १९६९ मध्ये निघाली, तेव्हा कुठे हा कोश सामान्य वाचकाला वापरता येऊ लागला. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६) मराठी शब्दांच्या क्रमाने असल्याने हाताळायला सोपा. ध्वनिनियमांसाठी मात्र झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयीच्या ग्रंथाकडे वळावे लागते. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ पासून उपलब्ध आहे.

दुसरी उणीव आम्हाला अधिक खटकते. टर्नर रूपांची साखळी चोख देतात, अर्थाची देत नाहीत. 'सरळ' हा शब्द एका हाताचे नाव कसा झाला? हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर शोधायला मराठीबाहेर जावे लागते.

संस्कृतात उजव्याला 'दक्षिण' म्हणतात. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. चौथ्या शतकातल्या बायबलच्या अनुवादामुळे माहीत असलेल्या गॉथिक या जर्मानिक भाषेत उजव्याचा शब्द याच 'दक्षिण'चा भाऊबंद आहे, जुन्या जर्मनमध्येही तसाच होता. पुढे जर्मनने तो टाकला आणि 'रेख्ट' म्हणजे सरळ, योग्य, हा शब्द उजव्यासाठी घेतला. जुन्या इंग्रजीत उजवा हात म्हणजे 'अधिक बळकट' हात. 'राइट'चा मूळ अर्थ सरळ, आणि तो हाताला लागू लागला १२व्या शतकाच्या सुमारास. आता गंमत अशी, की रेख्ट, राइट आणि आपला ऋजु हे तिन्ही एकाच आदिम धातूपासून आलेले आहेत. म्हणून राइट आणि उजवा हे लांबचे चुलतभाऊ ठरतात. पण हाताचा अर्थ त्यांना वारशाने मिळालेला नाही. तसा मिळाला असता तर संस्कृत व गॉथिक या दोन्ही जुन्या भाषांत तो दिसला असता. तिथे दिसतो तो 'दक्षिण'. सरळपासून उजव्यापर्यंतची वाट दोन्ही घराण्यांनी स्वतंत्रपणे चालली. तिसरा दाखला तर वर्ध्याच्या बाजारात रोज ऐकू येतो : हिंदीतला 'सीधा हाथ' आणि त्याच्या जोडीचा 'उल्टा हाथ'.

बहुसंख्य लोक ज्या हाताने काम करतात त्याला सरळ म्हणायचे आणि उरलेल्याला उलटा, कमजोर (इंग्रजी 'लेफ्ट'चा जुना अर्थ हाच) म्हणायचे, ही माणसांची सवय आहे. शब्दांतून ती सवय कळते, हाताचा गुण कळत नाही. अर्जुनाला सव्यसाची म्हटले ते डाव्या हातानेही बाण सोडी म्हणून. 'हिंद स्वराज' १९०९ मध्ये बोटीवर लिहिताना उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत. सेवाग्रामला मुलांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी एवढे जरूर सांगावे.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी नकाशा दिला. नदीचा डावा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून साधारण आग्नेयेकडे वाहते, मग आपला जिल्हा कोणत्या तीरावर? वर्गातले बहुतेक हात 'उजव्या'साठी वर झाले, कारण नकाशात तो नदीच्या उजवीकडेच दिसतो. तिने नकाशा फिरवला, नदी आपल्यापासून दूर वाहील असा धरला आणि म्हणाली, "डाव्या."