वरसईच्या भिक्षुकाने पाहिलेले सत्तावन्न

विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते कर्ज फेडायला. पेण तालुक्यातले गाव, घर भिक्षुकाचे, खाणारी तोंडे पुष्कळ आणि डोक्यावरचे देणे काही केल्या फिटत नाही. अशात कानावर आले की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दानधर्माला लाखांनी रुपये जाणार. एवढ्या मोठ्या कार्यात चार पैसे आपल्याही पदरी पडतील, ही आशा. वडिलांचे मन तयार होईना. मुलूख दूरचा, तिकडचे लोक भांग पिणारे, तरुण पोरगा धड परत येईल याची काय शाश्वती? अखेर काका रामभटांबरोबर विष्णुभटांनी उत्तरेची वाट धरली. साल होते १८५७.

‘माझा प्रवास’ या पुस्तकाचे सारे मर्म मला या सुरुवातीत दिसते. सत्तावन्नाच्या धामधुमीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पारसनीसांनी १८९४ साली झाशीच्या राणीचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यानंतर चरित्रे, नाटके, कादंबऱ्या येतच राहिल्या. त्या बहुतेकांत राणी पहिल्या पानापासूनच वीरांगना असते, कारण लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. शेवट विष्णुभटांनाही ठाऊक होता. त्यांनी हे सगळे लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या आसपास. तरीही त्यांची लेखणी ज्या मुक्कामावर आहे त्या मुक्कामापलीकडे पाहत नाही. उतरायला जागा कोणाकडे मिळाली, शिधा कोणी दिला, दक्षिणा काय पडली, पुढचा रस्ता चालू आहे की बंद, हे आधी येते. तोफा त्यानंतर. पोटाच्या काळजीने चाललेल्या माणसाची ही नजर त्यांनी पंचवीस वर्षांनंतरही जशीच्या तशी राखली. ती त्यांची सगळ्यात मोठी वाङ्मयीन कमाई आहे, असे मी मानतो.

बंडाची पहिली वार्ता त्यांना महूच्या अलीकडे, वाटेत भेटलेल्या शिपायांकडून कळते. काडतुसांची हकिगत येते. धर्म बुडवण्यासाठी इंग्रजांनी कलमांची मोठी यादी केली आणि ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली, अशीही एक कथा येते. इतिहासकाराने ही कथा ग्राह्य धरू नये, हे खरेच. पण वाचकाने ती सोडून पुढे जाऊ नये. त्या उन्हाळ्यात रस्त्यावरची माणसे एकमेकांना काय सांगत होती, कशाने घाबरली होती आणि कशावर त्यांचा चटकन विश्वास बसत होता, हे कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही. ते या पानांत आहे. ऐकीव आणि डोळ्यांदेखतचे यांतली सीमा विष्णुभट दरवेळी आखून देत नाहीत. पण गद्याची लय तिथे बदलते. ऐकलेले सांगताना वाक्ये बखरीच्या वळणाने पसरट होतात, राजे एकमेकांशी भाषणे करतात. स्वतः पाहिलेले आले की जागा, भांडी, अंतरे, वास अशा वस्तूंची गर्दी होते. दोनचार प्रकरणे वाचल्यावर हा फरक कानाला कळू लागतो.

या प्रवासाचा नकाशाही नीट पाहण्यासारखा आहे. धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काशी. पेशवाई १८१८ साली बुडाली, पण तिने उत्तरेत वसवलेली मराठी घरे अजून उभी होती. पवार, शिंदे, नेवाळकर, ब्रह्मावर्ताला जाऊन राहिलेले पेशवे, आणि त्यांच्या आश्रयाने आलेले शास्त्री, वैदिक, कारकून, पुजारी. कोकणातला भिक्षुक हजार मैल चालत जाऊ शकत होता, कारण दर मोठ्या मुक्कामी कोणाच्या तरी माजघरात त्याच्यासाठी पान वाढले जाई आणि त्याची बोली समजणारे कोणी तरी भेटे. झाशीला पोचल्यावर विष्णुभटांना घरी आल्यासारखे वाटते ते यामुळेच. राणीचा दिनक्रम, तिचा पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, दरबारात कधी पुरुषी पोशाखात बसणे, हे सारे ते आपल्या माणसाबद्दल बोलावे तसे सांगतात. थंडीत कुडकुडणाऱ्या गोरगरिबांना टोप्या, बंड्या आणि पांघरुणे देण्याची तिने आज्ञा केली, ही हकिगत ते खास नोंदवतात. दान करणारा हात त्यांच्या डोळ्यांतून कधी सुटत नाही.

मग मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीला वेढा घालते.

या भागावर पुस्तकाची खरी उंची ठरते. विष्णुभट शहरात अडकलेले. तोफांचे गोळे घरांवर पडताहेत, लोक आडोसे शोधताहेत, बाहेर तात्या टोपे कुमक घेऊन आले आहेत आणि शहराचा जीव त्या कुमकेवर टांगला आहे. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्यांच्या फौजेचा मोड झाला आणि ३ एप्रिलला गोरे तटाच्या आत शिरले. दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. वीरचरित्रात इथून पुढे वाचकाची नजर तिच्या घोड्यामागे जाते. विष्णुभट मात्र शहरातच राहतात, कारण त्यांना जायला वाट नाही. म्हणून राजा निघून गेलेल्या शहराचे काय होते, ते मराठीत कोणी लिहिले असेल तर त्यांनी.

पुरुष दिसला की मारायचा, असा तो प्रकार. घरात लपलेली माणसे, कोंडलेला श्वास, तहान, आणि दारावर थाप पडली की काळजात उठणारी कळ. मग लूट. ती विष्णुभट ज्या क्रमाने सांगतात तो क्रम वाचताना अंगावर काटा येतो. आधी सोने, रुपे, नाणे. ते संपल्यावर दुसऱ्या पलटणी येतात आणि तांब्यापितळेची भांडी नेतात. मग कपडे. मग धान्य. घर रिकामे होत जाते ते पायरीपायरीने. विष्णुभट इथे छाती पिटत नाहीत की शापही देत नाहीत. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या घरातून शिधा घेतला त्याला घरात काय काय असते आणि ते कोणत्या क्रमाने मौल्यवान असते, हे अचूक माहीत असते. त्या माहितीनेच त्यांनी विनाश मोजला आहे. हंडा गेला म्हणजे पाणी कशात भरायचे, धान्य गेले म्हणजे उद्या चुलीवर काय चढवायचे, एवढे वाचकाच्या मनात आपोआप येते, आणि शहर बुडाले या वाक्याला अर्थ मिळतो.

याच ओघात वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण येते. वैदिकाला ती घरच्या माणसाच्या मरणासारखी लागलेली दिसते. वेद, भाष्ये, सूत्रे, दूरदूरहून नकला करवून आणलेल्या पोथ्या. सोने पुन्हा मिळते, हंडा पुन्हा घडवता येतो. हाताने उतरवलेली पोथी एकदा गेली की गेली. माझ्या वाचनात सत्तावन्नावरच्या अन्य पुस्तकांनी या नुकसानीला इतकी जागा दिलेली नाही, आणि दिली असती तरी ती पोथी कशी धरतात, कशात बांधतात हे ठाऊक असलेल्या माणसाचे दुःख त्यात उतरले नसते. नंतरचे दिवस प्रेतांच्या दहनाचे. गल्लोगल्ली चिता आणि हवेत भरून राहिलेली दुर्गंधी. त्या वर्णनात एकही मोठा शब्द नाही.

झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी त्यांना पुन्हा दिसते. ‘माझा प्रवास’मधला हा प्रसंग पुष्कळांना ऐकून माहीत आहे, पण तो मूळ ओघात वाचायला हवा. विष्णुभट विहिरीवर पाणी काढत आहेत. धुळीने माखलेले काही स्वार येतात, त्यांत पुरुषी वेषातली राणी. तहानेने व्याकूळ. विष्णुभट मडक्याने पाणी शेंदून देऊ लागतात, तेव्हा ती त्यांना थांबवते. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नये, मीच काढते, अशा अर्थाचे ती बोलते. मग स्वतः पाणी शेंदून ओंजळीने पिते. बोलता बोलता सांगते की मला विधवेला पोटापुरता अर्धा शेर तांदूळ पुरला असता, धर्माच्या अभिमानाने या कामात पडले.

या प्रसंगात मला दोन गोष्टी थोर वाटतात. एक, राज्य गेले, शहर गेले, मागे फौज लागलेली, तरी समोरच्या भिक्षुकाला कोणते काम करू द्यायचे नाही याचा तिला विसर पडत नाही. आपत्तीत माणसाचे रीतिरिवाज गळून पडतात असे आपण धरून चालतो. इथे सगळे गेल्यावर रीतच उरली आहे, आणि त्या रीतीत तिची अस्मिता आहे. आज त्या रीतीतला जातिभेद आपल्याला बोचतो, आणि तो बोचायलाच हवा. तरी त्या क्षणी तिने समोरच्या माणसाचा मान राखला, हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट तांदळाची. आपल्या सगळ्या आयुष्याचे मोल ती अर्ध्या शेराच्या मापात सांगते आणि ऐकणारा असा, की ज्याचे आयुष्य त्याच मापावर चालले आहे. राणी आणि भिक्षुक यांच्यातले अंतर त्या वाक्यापुरते मिटते. हे संभाषण शब्दश: असेच झाले असेल का, हा प्रश्न इतिहासाने विचारावा. पंचवीस वर्षे ते विष्णुभटांच्या मनात राहिले आणि लिहिताना त्यांना भाषणाऐवजी मापच आठवले, हे साहित्याच्या दृष्टीने पुरेसे आहे. ही भेट झाली त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, जून १८५८ मध्ये, राणी ग्वाल्हेरला लढताना पडली.

पुढचा प्रवास मला जरा सैल वाटतो. पुन्हा लूट, पुन्हा तपासण्या, चित्रकूट, अयोध्या, काशी. तीर्थांची वर्णने लांबतात, ऐकीव कथा वाढतात. पण परतीचा भाग पुन्हा पकड घेतो. ज्या यज्ञासाठी घर सोडले तो मागेच राहिला होता आणि मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला होता. विष्णुभट गंगेचे पाणी कावडीत घेतात आणि ती खांद्यावरून वाहत कोकणात आणतात. अडीच-तीन वर्षांनी घरी पोचल्यावर त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात. कर्ज फेडायला गेलेला मुलगा हे घेऊन आला. त्याबद्दल त्यांच्या लिहिण्यात कुठेही हळहळ नाही, उलट धन्यता आहे, आणि ती मला पूर्ण खरी वाटते. सत्तावन्नाने त्यांना बंडखोर केले नाही, इंग्रजांचा स्तुतिपाठकही केले नाही. ते भिक्षुकच राहिले. फक्त त्यांनी असे काही पाहिले होते, की जे सांगितल्याशिवाय राहवले नसते.

सांगायला लावले ते चिंतामणराव वैद्यांनी. पुस्तक छापले तेही वैद्यांनीच, विष्णुभटांच्या निधनानंतर १९०७ साली, म्हणजे त्या धामधुमीला पन्नास वर्षे होत असताना. इंग्रजी अमलात अशी हकिगत छापणे धोक्याचे होते, त्यामुळे वैद्यांनी ठिकठिकाणी हात फिरवला, भाषा सारखी केली, काही मजकूर गाळला. त्यांच्यामुळे हे पुस्तक वाचले, याचे ऋण मोठेच आहे. अमृतलाल नागरांसारख्या लेखकाला ते हिंदीत न्यावेसे वाटले, यातही त्या आवृत्तीचा वाटा. मात्र वैद्यांनी हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले होते, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून झाशीचे प्रकरण वाचून पाहावे. वैद्यांच्या प्रतीत कथा सरळ चालते. पोतदारांच्या प्रतीत विष्णुभट स्वतः बोलतात, एका वाक्यात तीन गोष्टी सांगू पाहतात, मध्येच थांबून कोणी काय दिले ते नोंदवतात. नव्या वाचकाने थोडा धीर धरून हीच प्रत आधी हातात घ्यावी.