‘राहावा की जावा?’ : फुटबॉल प्रशिक्षकाविषयीच्या वादाची भाषा आणि तिने झाकलेला प्रश्न

संघ सलग तीन-चार सामने हरला की त्याच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास उभा राहतो : प्रशिक्षक राहावा की जावा? युरोपात हा वाद शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. महाराष्ट्र व गोव्यात तो गेल्या दोन दशकांत, म्हणजे व्यावसायिक लीग आणि दूरचित्रवाणीवरील परदेशी सामने यांच्याबरोबर रूढ झाला. नाशिकसारख्या शहरात राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारा एकही क्लब नाही. तरीही येथील महाविद्यालयीन तरुण मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकाविषयी तावातावाने बोलतो, आणि मुंबई सिटीच्या प्रशिक्षकाविषयीही त्याचे ठाम मत असते. हा वाद निव्वळ करमणुकीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्याची एक स्वतंत्र भाषा तयार झाली असून, ती भाषा काही प्रश्न विचारू देते आणि काही विचारू देत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचा विचार केला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. प्रशिक्षकाला पदावरून दूर केल्याचे सांगण्यासाठी मराठी क्रीडापत्रकारितेजवळ विलक्षण समृद्ध शब्दसंग्रह आहे : हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, डच्चू, पायउतार, आणि अर्थातच नारळ. यांतील ‘गच्छंती’ मूळ संस्कृत क्रियापद. त्याचा अर्थ ‘जातात’ एवढाच, म्हणजे जाणारा जणू आपल्या पायांनी जातो. ‘पायउतार’ होणाराही स्वतःच उतरतो. ‘उचलबांगडी’त चौघांनी हातपाय धरून उचलल्याचे चित्र आहे, परंतु ते चौघे कोण हे शब्द सांगत नाही. ‘नारळ’ हा तर निरोपाच्या मंगल विधीतून आलेला शब्द. हातावर नारळ ठेवणारा यजमान मात्र वाक्यात क्वचितच दिसतो. ‘प्रशिक्षकाची हकालपट्टी’ या षष्ठीच्या रचनेत क्रिया आहे, कर्म आहे; कर्ता गाळलेला आहे. मथळ्याची जागा अपुरी असते, हे कारण खरे. तथापि तीच कर्तृहीन रचना चाहत्यांच्या बोलण्यात उतरते, तेव्हा प्रश्न केवळ जागेचा राहत नाही. प्रशिक्षक जातो, हे सर्वांना दिसते. घालवतो कोण आणि कोणत्या अधिकाराने, हे वाक्यरचनेतच अदृश्य होते.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट. मराठी क्रीडासंस्कृतीत शिकवणाऱ्याला ‘काढण्याची’ परंपरा नाही. तालमीत वस्ताद असतो, क्रिकेटच्या मैदानावर ‘सर’ असतात. रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर आयुष्यभर ‘सर’ राहिले. त्यांनी राहावे की जावे असा वाद संभवतच नव्हता, कारण त्यांचे नाते संघाच्या निकालाशी नव्हे, शिष्याशी होते. नाशिकचेच उदाहरण घ्यावयाचे तर विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्यामागील अनेक वर्षांच्या सरावाला प्रेक्षक नव्हता. त्यामुळे वादही नव्हता. व्यावसायिक क्लबचा प्रशिक्षक हा मात्र ठरावीक मुदतीच्या करारावर आलेला नोकरदार असतो. चाहता संघ जिंकत असताना त्याच्याकडे गुरू म्हणून पाहतो आणि संघ हरू लागताच कंत्राटदार म्हणून. दोन्ही दृष्टी एकाच तोंडी, बहुधा एकाच आठवड्यात आढळतात. वादातील कटुतेचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे : कराराचा भंग माणूस सहन करतो, गुरूने केलेली निराशा सहन करत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळावे. यांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण मुंबई एफसीचे आहे. २००७ साली स्थापन झालेल्या या क्लबची सूत्रे २००९ मध्ये खालिद जमील यांच्याकडे आली आणि २०१६ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. भारतीय फुटबॉलमध्ये एका क्लबवर सात वर्षे हा अपवादच म्हणावा लागेल. या काळात क्लब कधी विजेतेपदाच्या जवळ गेला नाही. खालच्या श्रेणीतही घसरला नाही. जमील यांचा खेळ बचावात्मक, रुक्ष, बरोबरीत समाधान मानणारा असल्याची टीका सातत्याने झाली, आणि ती निराधार नव्हती. परंतु याच वर्षांत कूपरेजचे मैदान उपलब्ध नसल्यामुळे मुंबईच्या या क्लबला काही हंगाम ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले, ही गोष्ट टीकेत अभावानेच येते. ज्या संघाचे घर दीडशे किलोमीटरवर आहे, त्याने आक्रमक खेळावे की तग धरावा, हा प्रश्न खेळाच्या डावपेचांचा आहे तितकाच तो व्यवस्थापनाचाही आहे.

२०१६ मध्ये जमील गेले. पुढील हंगामात जे घडले ते एखाद्या लेखकाने रचले असते तर समीक्षकांनी त्याला योगायोगाच्या अतिरेकाचा दोष दिला असता. जमील मिझोराममधील आयझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत गेलेला होता आणि गोव्यातील क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी बरोबरी साधून त्याने आय-लीग जिंकली. त्याच तक्त्यात दहा संघांत शेवटचा होता मुंबई एफसी. त्या हंगामात मुंबईचे नवे प्रशिक्षक संतोष कश्यप यांना कूपरेजवर प्रेक्षकांतील काहींच्या अभद्र वर्तनाला तोंड द्यावे लागले आणि त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी आणखी एक प्रशिक्षक आला. क्लब घसरायचा तो घसरलाच. आणि नंतर तो बंद झाला.

या घटनाक्रमाचा सोपा अर्थ असा लावला जातो की जमील यांना ठेवले असते तर क्लब वाचला असता. हा निष्कर्ष मोहक असला तरी टिकणारा नाही. आयझॉलचे यश आणि मुंबईचे अपयश यांना एकमेकांचे कारण ठरवण्यास आधार नाही. नेदरलँड्समधील फुटबॉलवर ब्राउन्सहूफ्ट व टेर वील यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, घसरण झालेले संघ प्रशिक्षक बदलला नाही तरी सावरतात. बदलाने सावरण्याचा वेग वाढत नाही. पडता काळ बहुधा आपोआप संपतो आणि श्रेय नव्या माणसाला मिळते. म्हणजे ‘काढा’ म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार कच्चा आहे. पण म्हणून ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचा पक्का ठरतो असे नाही. त्यांचे आवडते उदाहरण अॅलेक्स फर्ग्युसन यांचे. १९८६ मध्ये आलेल्या फर्ग्युसन यांनी जावे, अशी मागणी करणारा फलक १९८९ मध्ये प्रेक्षकांत झळकला होता. १९९० मध्ये त्यांनी एफए कप जिंकला आणि पुढे २०१३ पर्यंत ते राहिले. संयमाचे हे फळ सर्वांना पाठ आहे. संयम ठेवूनही बुडालेल्या क्लबांची यादी मात्र कोणी पाठ करत नाही, कारण त्यांच्या कथा सांगण्याजोग्या नसतात.

मुंबई एफसीच्या कथेतील खरी बाब वेगळीच आहे. चाहते ज्या पदाविषयी भांडत होते, ते पद ज्या संस्थेत होते ती संस्थाच नाहीशी झाली. तिच्या जाण्याबद्दल वाद झाला नाही. कारण तो कोणाशी करायचा हेच ठाऊक नव्हते. आणि मुंबई एफसी हा अपवाद नव्हे. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. याच परेरांनी २०१२-१३ मध्ये पुणे एफसीला आय-लीगच्या उपविजेतेपदापर्यंत नेले; तो क्लबही दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय लीगमधून दिसेनासा झाला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढा टिकला. त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. एका दशकात महाराष्ट्रातील पाच क्लब. यांपैकी प्रत्येकाचे प्रशिक्षक चर्चिले गेले, त्यांच्या डावपेचांचे विच्छेदन झाले. क्लब बंद करणाऱ्यांची मात्र कधी ‘उचलबांगडी’ झाली नाही. महाराष्ट्रात प्रशिक्षक क्लब सोडून जातो त्याहून मोठी गोष्ट ही की क्लबच गाव सोडून जातो. आणि चाहत्यांच्या भाषेत या घटनेसाठी शब्द नाही.

गोव्याचे उदाहरण या मुद्द्याला दुसऱ्या बाजूने पुष्टी देते. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाकडे आले. त्यांचा संघ देखणा खेळे. २०१९ मध्ये त्याने सुपर कप जिंकला. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीचे अवघे तीन सामने उरलेले आणि संघ तक्त्यात अग्रस्थानी असताना, क्लबने त्यांना दूर केले. येथे ‘हरतो म्हणून काढला’ हे परिचित स्पष्टीकरण लागू पडत नव्हते. व्यवस्थापनाशी मतभेदांची चर्चा झाली. चाहत्यांत दुफळी पडली. क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रे घेतली आणि संघाने साखळी विजेत्याची ढाल जिंकून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत स्थान मिळवले. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. ‘काढले ते बरे केले’ म्हणणारे येथे जिंकले असे वाटले. पण पुढच्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीकडे गेले, त्यांच्यामागून गोव्याचे मंदार राव देसाई, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू हे खेळाडूही गेले, आणि मुंबईने ढाल व करंडक दोन्ही पटकावले. मग ‘ठेवायला हवे होते’ म्हणणारे जिंकले. निकालावर उभा असलेला वाद असाच असतो. त्यातील प्रत्येक बाजू काही महिन्यांपुरती खरी ठरते. मुंबई सिटीत २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा विकत घेतला होता, ही बाब या यशाच्या चर्चेत तळटीपेपुरती आली. २०२५च्या डिसेंबरमध्ये तोच समूह बाहेर पडला तेव्हा ती तळटीप एकाएकी मजकुरात आली. आयएसएलचा पुढील हंगाम त्याआधीच, त्या वर्षीच्या जुलैत, स्थगित झालेला होता. व्यापारी हक्कांचा करार संपत आला आणि पुढे काय हे ठरलेले नव्हते. लीगच स्थगित असताना प्रशिक्षकाने राहावे की जावे, या प्रश्नाला तरी काय अर्थ उरतो?

येथे एक आक्षेप घेता येईल. मालकाविषयी बोलून उपयोग काय? चाहत्याच्या हाती तिकिटाशिवाय काही नाही. तो निदान प्रशिक्षकावर तरी राग काढतो. आक्षेप खरा आहे, परंतु तो परिस्थितीचे वर्णन करतो, समर्थन करत नाही. ज्या इंग्लिश क्लबांकडून येथील तरुणाने ‘हटाव’चा वाद उचलला, त्यांचेच चाहते मालकांविरुद्धही उभे राहिले आहेत. मँचेस्टर युनायटेडचे चाहते ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध २०१० मध्ये क्लबच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगांचे रुमाल घालून मैदानावर आले होते. जर्मनीत तर सभासदांकडे मतांचे बहुमत राहावे असा नियमच आहे. आयात केलेल्या वादातून आपण प्रशिक्षक तेवढा घेतला, मालकी मागेच ठेवली.

मालकीचा प्रश्न मराठी भूमीला परका आहे असेही नाही, हे कोल्हापूर दाखवते. तेथील पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर पेठेत रात्रभर कीस काढला जातो. कोणाला खेळवले, कोणाला बाहेर ठेवले, पैसा कुठे गेला, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी काय केले, सारे काही निघते. राग प्रशिक्षकापाशी थांबत नाही, कारण ज्यांना जाब विचारायचा ते त्याच गल्लीत राहतात. या जवळिकीची किंमतही मोठी आहे : समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगडफेक, अर्धवट सुटलेले सामने. कोल्हापूरचे गोडवे गाणाऱ्यांनी तिकडे डोळेझाक करू नये. परंतु हंगाम वाईट गेला म्हणून तालीम हैदराबादला हलवली जात नाही.

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सॅव्हिओ मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले होते. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई स्पर्धेत संघ तिसरा आला, तेव्हा कौतुक झाले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ अशी हार होऊन आशियाई चषकाची दारे बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही १-० असे हरवले. त्यांचा खेळ फार बचावात्मक आहे का, त्यांनी राहावे की जावे, ही चर्चा त्यानंतर लगेच सुरू झाली. मुंबई एफसीच्या काळातलेच हे आरोप, तेच शब्द. त्या वेळी कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून हे आरोप करणाऱ्यांपैकी जे आजही फुटबॉल पाहतात, त्यांना आता पाहायला दुसरा क्लब शोधावा लागलेला आहे.