कात्रीच्या वाटेने वाढलेला नांद्रुक

या नांद्रुकाची उंची जेमतेम वीतभर. वय आठ वर्षांच्या आसपास, म्हणजे बोन्सायच्या हिशेबात पोरवयच. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, पूर्वेकडच्या कठड्यालगत, एका उथळ राखाडी कुंडीत तो आहे. त्याच ओळीत त्याच्याहून जुनी, डोलारा भरलेली झाडं आहेत. तरी माझी नजर याच्यावरच खिळते. जुन्या झाडांवरच्या कात्रीच्या खुणा सालीत मुरून गेल्या आहेत, याच्या अजून वाचता येतात. कुठे काय ठरवलं गेलं आणि झाडाने त्याला काय उत्तर दिलं, ते सगळं बुंध्यावर उघड आहे.

वाचायला सुरुवात मुळांपासून करावी. नांद्रुक हा वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातला, फायकस. त्याची फळं बुलबुल-कोकिळा खातात आणि बी विष्ठेतून पडेल तिथे रुजतं: चिऱ्यांच्या सांध्यात, पन्हळीखाली, गच्चीच्या भेगेत. हे रोप पाडायला काढलेल्या एका वाड्याच्या भिंतीतून आलं. डावीकडची मुळं बघा, ती चपटी आहेत. फटीत जाडी धरायला जागा नव्हती, म्हणून ती रुंदीत पसरली. उजवी बाजू मात्र कोरी होती. काकूंनी तिथे बुंध्याला उभा छेद घेतला, नांद्रुकाचंच एक कोवळं रोप त्यात बसवलं आणि घट्ट बांधलं. या झाडाची लकबच अशी की सालीला साल दाबून राहिली की दोन्ही एकजीव होतात. नंतर त्या रोपाचा वरचा भाग कापला, मूळ तेवढं राहिलं. आज तो सांधा शोधायला बोट फिरवावं लागतं. समोरचं एक मूळ मात्र दुसऱ्यावरून आडवं गेलंय; बुंध्याच्या पसरणाऱ्या पायाला ते अडवतं. पुढच्या वेळी कुंडी बदलताना ते गेलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बुंधा. खरा आनंद इथे आहे.

बुंध्याचे तीन टप्पे आहेत. पहिला अडीच इंचांचा, किंचित डावीकडे कललेला. दुसरा दीड इंचाचा, उजवीकडे. तिसरा पाऊण इंचाचा, पुन्हा डावीकडे. प्रत्येक टप्पा खालच्यापेक्षा आखूड आणि बारीक, आणि दोन टप्प्यांच्या सांध्यावर एकेक छाट. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली उतरत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब जातो, कापाच्या लगतचा डोळा फुटतो आणि तोच नवा शेंडा होतो. दिशा बदलते, जाडी कमी होते. हा नवा फुटवा खालच्या बुंध्याला शोभेल इतका पोसला की पुन्हा छाट. चीनच्या दक्षिणेला, ग्वांगझूच्या परिसरात, लिंगनान शैलीच्या कलाकारांनी याच पद्धतीवर आपली सगळी कला उभी केली. तार जवळजवळ नाहीच. छाटायचं, वाढू द्यायचं, पुन्हा छाटायचं. गरम, दमट हवेत भराभर फुटणाऱ्या फायकसला ही पद्धत फार मानवते.

तारेने वळवलेला बुंधाही देखणा असू शकतो, हे मान्य. पण त्याची वळणं बहुधा सारख्या गोलाईची होतात. नर्सरीत मिळणारे इंग्रजी ‘एस’च्या आकाराचे फायकस आठवा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच जाडी आणि एकच लय. छाटून काढलेल्या बुंध्यात कोन असतात, थांबे असतात. रानातलं मोठं झाड असंच घडतं. वादळात शेंडा मोडतो, बाजूची फांदी वर जाते, पुन्हा काहीतरी मोडतं. या वीतभर झाडाकडे पाहताना ते मोठं आणि बरंच सोसलेलं वाटतं, त्याचं कारण हे कोन आहेत.

पायाशी बुंधा दीड इंच जाड आहे. एकूण उंची नऊ इंच, म्हणजे जाडीच्या सहापट. बोन्सायवाले हेच प्रमाण आदर्श धरतात. इतक्या कमी वयात ही जाडी आली कुठून, त्याचं उत्तर मागच्या बाजूला आहे. तिथे जुन्या रुपयाएवढा एक वण दिसतो, कडांनी साल आत सरकून निम्मा मिटलेला. तिथे एक फांदी होती. काकूंनी तिला मोकळं सोडलं होतं, झाडाच्या कितीतरी वर जाऊ दिलं होतं. ती फांदी झाडाच्या आकारासाठी नव्हतीच. तिच्या पानांनी केलेलं अन्न खालच्या बुंध्याला मिळावं, एवढ्यासाठी ती वाढवलेली. काम झाल्यावर कॉन्केव्ह कटरने ती खोलगट कापली, म्हणजे भरताना गाठ वर येत नाही. जी फांदी शेवटी ठेवायचीच नाही, तिला दोन-तीन वर्षं खतपाणी घालत राहायचं, याला वेगळाच धीर लागतो. नवखे लोक तिथेच घाई करतात आणि काडीसारखं बारीक झाड कुंडीत मिरवतात.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर काकू फांद्यांची छाटणी करतात, ती जवळून बघण्यासारखी असते. फायकसचा कोवळा कोंब एका टोकदार टोपीत गुंडाळलेला असतो. पान उलगडलं की टोपी गळते आणि फांदीभोवती बारीक कडं उमटतं. म्हणजे प्रत्येक पेरावर एक रेघ. फुटव्याला सहा ते आठ पानं येऊ द्यायची, मग दोन पानं ठेवून वरचं कापायचं. पानं एकाआड एक बाजूंना येतात, त्यामुळे कोणतं पान शेवटचं ठेवलं यावर पुढची फांदी कुठे जाणार ते ठरतं. काप घेताच पांढरा चीक टपकतो. काकू लगेच पाण्याचा फवारा मारतात, ओल्या फडक्याने टिपतात, की तो थांबतो.

“इथूनच का कापलंत, काकू? पुढचा फुटवा जास्त जोमाचा होता.”

“अरे, त्याचा डोळा आत बघतोय. आत वाढलेली फांदी वर्षभराने काढावीच लागणार. मग झाडाची ताकद त्यात कशाला घालवू?”

उजवीकडच्या पहिल्या फांदीवर मात्र तार आहे, आणि ती असायलाच हवी. कोवळ्या फायकसच्या फांद्या वर धावतात, तर जुन्या झाडाच्या खालच्या फांद्या भाराने आडव्या होतात. म्हणून ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळून ती फांदी खाली आणलीय. पावसाळ्यात फांद्या इतक्या झपाट्याने जाडावतात की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतू शकते. काकू दर आठवड्याला तपासतात आणि काढताना उलगडत बसत नाहीत, तुकडे करून काढतात.

पानांबद्दल थोडक्यात. सगळी पानं खुडून लहान पानं आणण्याचा उपाय त्यांनी अजून केलेला नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या झाडाची जाडी अजून वाढायचीय, त्याची पानं काढणं म्हणजे त्याची कमाई थांबवणं.

एका बाबतीत माझं काकूंशी पटत नाही. दुसऱ्या फांदीखालून सुटलेली पारंबी त्यांनी कापली. एवढ्या लहान झाडाला ती भारी दिसते, असं त्यांचं म्हणणं. मी ती ठेवली असती. हावड्यातल्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला प्रचंड वड आठवा. 1864 आणि 1867 च्या वादळांत त्याचा मूळ बुंधा जखमी झाला, बुरशीने पोखरला आणि 1925 मध्ये काढून टाकावा लागला. तरी तो वड पारंब्यांच्या बळावर आजही पसरतोच आहे. संगमनेर तालुक्यात पेमगिरीला जा, तिथेही नजर पारंब्यांच्या रानात हरवते. या कुळाचं व्यक्तिमत्त्व पारंबीत आहे. जमिनीला टेकली की ती जाड होते, फांदीला आधार देते. नांद्रुकाची एखादी तरी पारंबी कुंडीत उतरावी, त्याशिवाय तो कुणाही झाडासारखा दिसेल.

राहिला शेंडा. तो अजून ठरायचाय. तिसऱ्या टप्प्यावर दोन फांद्या सारख्याच जाडीच्या उभ्या आहेत. दोन्ही ठेवल्या तर वर फुगवटा येईल, निमुळतेपणा जाईल. काकूंचा कल डावीकडे, कारण तिची पेरं जवळजवळ आहेत आणि डोलारा दाट भरेल. मी उजवीच्या बाजूचा: तिसरा टप्पा आधीच डावीकडे गेलाय, त्यामुळे शेंडा उजवीकडे वळून पायाच्या वर परत यायला हवा, नाहीतर झाड कलंडल्यासारखं दिसेल. या पावसाळ्यात दोन्ही फांद्यांना वाढू द्यायचं ठरलंय. उजवीच्या अगदी खालच्या पेरावर डोळा फुटला तर तिथवर आखूड करून तीच ठेवायची. नाही फुटला तर काकूंची डावी.