गुणांची खिरापत

परवा आमचे चिरंजीव शाळेतून आले ते दप्तर न टाकताच ओरडले, "बाबा, इतिहासात दुसरा!" आमच्या घराण्याचा इतिहासाशी संबंध सनावळ्या चुकवण्यापुरताच. मी चहा खाली ठेवला.

"कुठला धडा होता रे?"

"पानिपत."

"मग का हरलो आपण?"

"ते नाही माहीत. पण निळी चौकट मी सगळ्यांच्या आधी दाबली!"

हा 'काहूत' नावाचा खेळ. मूळचा नॉर्वेचा, 2013 साली सर्वांना खुला झालेला. पडद्यावर प्रश्न, हाताशी चार रंग. बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. वर्ग जागा होतो, हे कबूल. आमच्या वेळी त्यासाठी मास्तरांना खडू फेकून मारावा लागे. सनावळ्या, पाढे यांच्या उजळणीला खेळ झकास. पण पानिपत का झालं, हे वीस सेकंदांत कसं उरकणार? खुद्द सदाशिवरावभाऊंना तिथे दोन महिने पुरले नाहीत!

माझं खरं दुखणं निराळंच आहे. हा मुलगा पूर्वी पांघरुणात बॅटरी घेऊन गोष्टी वाचायचा. सौ. ओरडायची, मी चोरून सेल आणून द्यायचो. मग वर्गात पुस्तकामागे दहा तारे मिळू लागले. आता तो आधी पानं मोजतो आणि बारीक पुस्तक उचलतो. मी वीस वर्षं काउंटरमागे नोटा मोजतोय. मोजणाऱ्याला नोटेवरचं चित्र दिसत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीतल्या, चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती मुलं पुढे बक्षीस नसताना इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र शाबूत राहिली. म्हणजे व्याजाच्या लोभाने मुद्दलच बुडालं! आमच्या शाखेत असं घडलं असतं तर चौकशी लागली असती.

खेळाशी माझं वैर नाही. आमचे मास्तर शनिवारी कवितांच्या भेंड्या लावत. भेंडी चढे, भांडणं होत, पण जिंकायला कविताच पाठ लागे. नुसतं बोट चालत नसे.

हे सगळं रात्री जेवताना मी चिरंजीवांना सविस्तर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ताकाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारलं,

"बाबा, ऐकायचे किती तारे?"